मूळ, अनुकृती आणि पुनर्गायन : 'ब्लू स्वेड शूज'

गाजलेल्या गीताच्या पुनर्गायनाचा विचार करताना समीक्षा बहुधा 'मूळ' व 'अनुकृती' ही श्रेणी गृहीत धरते. कार्ल पर्किन्सच्या 'ब्लू स्वेड शूज' या रॉकबिली गीतापुढे ही श्रेणी टिकत नाही. डिसेंबर १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत मुद्रित झालेले हे गीत १९५६ मध्ये पॉप, कन्ट्री आणि रिदम अँड ब्लूज या तिन्ही लोकप्रियता-याद्यांत पोहोचले. वर्णभेदाने विभागलेल्या श्रोतृवर्गांची ही सरमिसळ त्याच्या घडणीतच आहे. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचा आकृतिबंध आणि गोऱ्या ग्रामीण गायकीचा उच्चार यांचा तो संकर आहे. म्हणजे ज्याला मूळ म्हणावे, तेही आधीच्या परंपरांचे पुनर्गायनच ठरते.

२२ मार्च १९५६ च्या मोटार अपघाताने पर्किन्सचे यश हिरावले आणि ते एल्व्हिस प्रेस्लीला लाभले, ही कथा रूढ आहे. परंतु प्रेस्लीचे मुद्रण जानेवारीतले, अपघातापूर्वीचे आहे. शिवाय पॉप यादीत पर्किन्स दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, प्रेस्ली विसाव्या. तेव्हा पर्किन्स मागे पडला तो बाजारात नव्हे, सांस्कृतिक स्मृतीत.

या स्मृतीचा उलगडा चरित्रापेक्षा आविष्कारात शोधावा लागतो. गीताचा निवेदक इतर सर्व हानी सोसायला तयार आहे. बुटांना मात्र कोणी स्पर्श करू नये. वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातल्या पर्किन्सच्या संथ, थांबे घेणाऱ्या गायनात हा बूट तुटपुंज्या मालकीची प्रतिष्ठा होतो. विनोदाखाली अभावाची जाणीव राहते. प्रेस्ली गती वाढवतो, थांबे आखडतो. वस्तू मागे सरून मिरवणारे शरीर पुढे येते. शब्द तेच राहतात, बोलणारा 'मी' बदलतो.

पुढे हा 'मी' स्वतःचेच अवतरण होतो. 'जी. आय. ब्लूज' (१९६०) या चित्रपटासाठी प्रेस्लीने हेच गीत पुन्हा गायले. त्यात त्याचे पात्र गात असतानाच ज्यूकबॉक्समधून प्रेस्लीचा आवाज उमटतो. १९६९ मध्ये टोरोन्टोत जॉन लेनन याच गीताने कार्यक्रमाचा आरंभ करतो, तेव्हा ते रॉक अँड रोलच्या उगमाचे स्मरण ठरते.

अर्थ संहितेत साठलेला नसून प्रत्येक आविष्कारात घडतो, एवढेच म्हणून मात्र थांबता येत नाही. कोणता आविष्कार प्रमाण ठरतो, हा सत्तेचाही प्रश्न आहे. पर्किन्सला 'मूळ' म्हणून गौरवणे पुरेसे नाही. त्याच्या थांब्यांतला अभाव ऐकणे, हे समीक्षेचे काम आहे.