कोरफडीचे चित्र, पण कोणत्या कोरफडीचे?

औषधी वनस्पतींवरील तक्त्यांत आणि पुस्तकांत कोरफडीचे एक जुने रंगीत चित्र अनेकदा दिसते. ते मुळात क्योलर यांनी जर्मनीतील गेरा येथून १८८७ साली काढलेल्या ‘मेडिझिनाल-फ्लान्झन’ या ग्रंथातले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरणाऱ्या शिळाछाप पद्धतीने ही चित्रे छापली जात.

चित्र म्हणून ते उत्तमच आहे. जाड, काटेरी कडांच्या पानांचा झुबका, त्यातून वर आलेला लाल नळीदार फुलांचा तुरा आणि शेजारी फुलाचे सुटे केलेले भाग, सारे एकाच पानावर. कॅमेऱ्याला एका वेळी एवढे दाखवता येत नाही. शिवाय कोरफडीसारख्या मांसल वनस्पती कागदात दाबून वाळवल्या की त्यांचा आकार बिघडतो. त्यामुळे अशा वनस्पतींच्या बाबतीत चित्र हा वाळवलेल्या नमुन्याइतकाच मोलाचा पुरावा ठरतो.

पण पुरावा कशाचा? चित्राखाली नाव आहे ‘अ‍ॅलो सकोट्रिना’. आपली कोरफड म्हणजे ‘अ‍ॅलो व्हेरा’. तिचे मूळस्थान अरबी द्वीपकल्प मानले जाते. तिची फुले बहुधा पिवळी असतात, काही वाणांत नारिंगी. चित्रातली लाल फुलांची जात दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील आहे. गंमत अशी की ‘सकोट्रिना’ हे नाव ऐकून ती सोकोत्रा बेटावरची वाटावी. पण त्या बेटावरची औषधी कोरफड तिसरीच, ‘अ‍ॅलो पेरी’. तिचे शास्त्रीय वर्णन १८८० च्या सुमारास झाले. केपची जात युरोपातील बागांत फार पूर्वीच पोचली होती, तरी तिचे रानातले ठिकाण विसाव्या शतकाच्या आरंभीच कळले. तोवर नावाने गैरसमज पोसला.

यात चित्रकाराचा दोष नाही. त्याने लाल फूल लालच रंगवले. चूक आहे ती खालचे नाव पुसून वर ‘कोरफड’ असे छापणाऱ्यांची. चित्र जितके सुबक, तितके ते तपासायचे राहून जाते. आणि औषधी वनस्पतीच्या बाबतीत जात चुकणे ही किरकोळ बाब नव्हे.

शिक्षकांनी हे चित्र फेकून देऊ नये. शाळेतील कुंडीत कोरफड असेल, तर ती चित्राशेजारी ठेवावी आणि ‘फरक शोधा’ एवढेच सांगावे. मग पान आडवे कापावे. सालीलगत पाझरणारा पिवळा, कडू चीक आणि आतला पारदर्शक गर वेगवेगळे दिसतील. हा चीक आटवून काळाबोळ बनतो. तो तीव्र रेचक असल्याने कोणी चाखू नये, हेही तेव्हाच सांगावे. कडूपणा किंवा पाझर कोणत्याच चित्रात उतरत नाही. तेवढ्यासाठी कुंडीतली कोरफडच हवी.