एकसंध संगणकप्रणालीचे सूक्ष्मसेवांत विभाजन : सातबारा अभिलेखाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या दशकात आज्ञावलीच्या रचनेविषयी जे लेखन झाले, त्यात 'मोनोलिथ' हा शब्द जवळजवळ दूषण म्हणून वापरला गेला. सर्व कामे एकाच आज्ञावलीत आणि एकाच डेटाबेसवर चालविणारी प्रणाली म्हणजे मोनोलिथ. तिचे लहान, स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या सेवांत विभाजन करावे, हा विचार जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या २०१४ मधील लेखाने सर्वदूर पोहोचविला. त्याच सुमारास, २०१३ मध्ये डॉकर आणि २०१४ मध्ये गूगलने खुले केलेले कुबरनेटिस ही साधने उपलब्ध झाली. त्यामुळे 'मायक्रोसर्व्हिस' आणि 'कंटेनर' हे दोन शब्द जोडीनेच उच्चारले जाऊ लागले.

या जोडीतच पहिली गफलत आहे. कंटेनर ही आज्ञावली बांधून नेण्याची आणि तिच्या प्रती वेगळ्या ठेवून चालविण्याची पद्धत होय. सूक्ष्मसेवा हा कामाच्या विभागणीचा निर्णय होय. संपूर्ण मोनोलिथ एकाच कंटेनरमध्ये ठेवता येतो आणि सूक्ष्मसेवा कंटेनरशिवायही चालतात. साधन हाती आले म्हणून विभागणी करणे म्हणजे नवी पोती मिळाली म्हणून धान्याचे वाटे घालण्यासारखे आहे.

समर्थक नेटफ्लिक्सचे उदाहरण देतात. २००८ मधील डेटाबेसच्या बिघाडानंतर त्या कंपनीने स्थलांतर सुरू केले आणि ते जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. सात वर्षांचा हा कालावधी उदाहरण देताना बहुधा गाळला जातो. उलट दिशेचे उदाहरण २०२३ चे आहे. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधील ध्वनिचित्र-गुणवत्ता तपासणाऱ्या गटाने आपले वितरित घटक पुन्हा एकाच प्रक्रियेत आणले आणि त्या कामाचा पायाभूत खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे नमूद केले. दोन्ही उदाहरणांवरून विभाजन इष्ट की अनिष्ट हे ठरत नाही. विभाजन कोठे करावे, हा खरा प्रश्न शिल्लक राहतो.

या प्रश्नाला जुने उत्तर आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये असे मांडले की, कामाच्या पायऱ्यांनुसार घटक पाडू नयेत. बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका घटकाच्या पोटात झाकावा. एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये विषयक्षेत्राच्या सीमांचा विचार मांडला आणि सूक्ष्मसेवांच्या समर्थकांनी तोच उचलला. तथापि ही सीमा ओळखण्याची खूण कोणती, याबाबत हे लेखन मोघम राहते. शासकीय अभिलेखाच्या बाबतीत तरी ती खूण कायद्यात सापडते, असे दिसते.

सांधा कोठे आहे?

धाराशिव जिल्ह्यातील आठही तालुक्यांतील शेतकऱ्याचा शासनाशी येणारा सर्वांत नित्याचा संबंध सातबाऱ्याचा. मराठवाड्यात निजाम राजवटीपासून परिचित असलेल्या पहाणीपत्रकात जमीन, कब्जेदार आणि पीक एकाच तक्त्यात येत असे. सातबाराही वरकरणी एकच कागद आहे. परंतु त्यात दोन गाव नमुने जोडलेले आहेत. नमुना ७ हा अधिकार अभिलेख, तर नमुना १२ ही पिकांची नोंदवही. त्यामागे नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि बाजूला नमुना ८-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. संगणकतज्ज्ञाच्या नजरेला हे चार नमुने म्हणजे चार आयत्या सेवा वाटतील. येथेच घात होण्याचा संभव आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार हक्कसंपादनाची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत होते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, वाद उद्भवल्यास तो नमुना ६-अ मध्ये जातो आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या दस्ताची माहिती आता ई-फेरफार आज्ञावलीकडे ऑनलाइन पोहोचते. दस्तनोंदणी आणि फेरफार प्रमाणित होणे यांमध्ये कायद्यानेच विलंब ठेवला आहे. दस्ताचा संदेश तासाभराने पोहोचला तरी कोणाचा हक्क बुडत नाही. हा खरा सांधा आहे; येथे दोन प्रणाली वेगळ्या असणे स्वाभाविक आहे.

प्रमाणीकरणानंतर मात्र चित्र पालटते. फेरफार प्रमाणित झाला की नमुना ७ वरील नाव आणि नमुना ८-अ मधील क्षेत्र त्याच क्षणी बदलले पाहिजे. कारण कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. या तिन्ही नमुन्यांच्या तीन सेवा आणि तीन डेटाबेस केले, तर फेरफार मंजूर पण सातबारा जुनाच, अशी स्थिती काही मिनिटे का होईना निर्माण होईल. त्या मिनिटांत बँकेने उतारा काढून बोजा चढविला तर? विकलेल्या जमिनीवर पूर्वीच्या मालकाला कर्ज मिळेल आणि घेणाऱ्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

सूक्ष्मसेवांच्या ग्रंथांत यावर 'सागा' हा तोडगा दिलेला असतो. गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही कल्पना अशी की, साखळीतील एखादा टप्पा फसल्यास आधीचे टप्पे भरपाईच्या व्यवहाराने उलटवावेत. दुकानातील मागणी रद्द करून पैसे परत देण्यास ही पद्धत चालते. महसुली अभिलेखात मात्र 'उलटविणे' ही यांत्रिक क्रिया नाही. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली आदेश लागतो, तर प्रमाणित नोंदीविरुद्ध अपील करावे लागते. ज्याची भरपाई आदेशाशिवाय होत नाही, तो व्यवहार यंत्राच्या सोयीसाठी तोडू नये. नमुने ६, ७ आणि ८-अ यांचा मोनोलिथ हा दोष नसून कायद्याची गरज आहे.

नमुना १२ ची गोष्ट निराळी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने पिकाची नोंद तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी) दप्तरातून शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणली. नोंद करणारी व्यक्ती, छायाचित्र व स्थाननिर्देशांक ही माहिती, हंगामापुरती येणारी गर्दी हे सर्वच नमुना ७ पेक्षा भिन्न आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा देण्यात आली. येथे विलंब आणि दुरुस्ती दोन्ही नियमातच मान्य आहेत. सूक्ष्मसेवांच्या परिभाषेत ज्याला 'कालांतराने येणारी सुसंगती' म्हणतात, ती येथे कायदेशीरपणे उपलब्ध आहे. बालाघाटाच्या रांगेतील एखाद्या गावात दुपारी घेतलेले छायाचित्र संध्याकाळी पोहोचले तरी चालते. सोयाबीनच्या हंगामात या सेवेच्या प्रती वाढवाव्यात आणि मुदत संपताच कमी कराव्यात, हे काम कंटेनर उत्तम करतात.

कंटेनरच्या मर्यादा आणि उरलेला प्रश्न

परंतु प्रती वाढविल्याने गर्दी निवळतेच असे नाही. पन्नास कंटेनर एकाच डेटाबेसच्या दारात उभे राहिले, तर रांग केवळ आत सरकते. अशा रचनेत वितरणाचा सर्व खर्च पदरी पडतो, स्वातंत्र्य मात्र मिळत नाही. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये मांडलेले निरीक्षण येथे लागू पडते : संस्थेतील संवादाची रचना प्रणालीत उतरते. महसूल, कृषी आणि विमा यंत्रणा एकमेकांशी पत्रव्यवहाराच्या गतीने बोलत असतील, तर त्यांच्या सेवाही त्याच गतीने बोलतील.

पीक या एकाच विषयाला किती वेगवेगळी घड्याळे असतात, हे या जिल्ह्याने अनुभवले आहे. पीक पाहणीला आठवड्यांची मुदत असते, तर प्रधानमंत्री पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागत असे. २०२० च्या खरिपातील तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या विम्याचा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला आणि त्यात ही ७२ तासांची अट कळीची ठरली. पाहणीची सेवा संथ झाली तर मुदत वाढविता येते. सूचनेची सेवा त्याच तीन दिवसांत कोलमडली तर दावाच नाकारला जाण्याचा धोका असतो. ही दोन कामे 'पीक' या नावाखाली एका सेवेत कोंबणे हा अतिविभाजनाइतकाच दोष ठरेल.

योग्य सांध्यावर केलेल्या विभाजनालाही किंमत असते. पीक नोंदविणाऱ्या सेवेला खातेदाराचे नाव आणि क्षेत्र लागते. ती माहिती नमुना ७ ची आहे. प्रत्येक वेळी मूळ प्रणालीला विचारावे, तर हंगामातील सगळी गर्दी पुन्हा तिच्यावरच लोटते. प्रत जवळ ठेवावी, तर ती शिळी होते. ऑगस्टच्या मध्यात वारसनोंद प्रमाणित झाली आणि पीक सेवेकडे मृत खातेदाराचेच नाव राहिले, तर शेतात उभ्या असलेल्या मुलाला स्वतःचे पीक स्वतःच्या नावे नोंदविता येत नाही. यासाठी प्रमाणीकरण होताच त्याची वार्ता पीक सेवेकडे धाडणारी आणि ती पोहोचल्याची खातरजमा करणारी व्यवस्था मूळ प्रणालीतच असावी लागते. स्थलांतराच्या आराखड्यात कंटेनरची संख्या प्रथम ठरते आणि ही व्यवस्था शेवटी. प्रत्यक्षात क्रम उलटा हवा.