रे. टिळकांच्या अभंगांतील ईश्वरसान्निध्य

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे मराठी वाचकाला परिचित आहेत ते फुलामुलांचे कवी म्हणून. ‘वनवासी फुला’ची चर्चा अभ्यासक करतात, ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शाळेत शिकलेल्यांच्या कितीएक पिढ्यांना पाठ आहे. ‘अभंगांजली’ मात्र बहुधा ख्रिस्ती उपासनेच्या भिंतींआडच राहिली. ‘उपासना संगीत’ हाती धरून जे ती गातात ते तिची समीक्षा करीत नाहीत, आणि जे समीक्षा करतात ते ती गात नाहीत. याचा परिणाम असा की, टिळकांच्या भक्तिकाव्याविषयी दोन ठरीव मते प्रचलित झाली. एक, ही कविता म्हणजे ख्रिस्ताचे नाव घालून केलेली तुकोबांची अनुकृती होय. दुसरे, ही कविता म्हणजे धर्मप्रसाराचे साधन होय. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे. परंतु ज्या प्रश्नातून ही कविता जन्मली तो प्रश्न त्यांत मुळीच उमटत नाही.

तो प्रश्न असा : ज्याने ख्रिस्ती मत विचारपूर्वक स्वीकारले, ज्याचा बाप्तिस्मा झाला, जो मंडळीचा सभासद झाला, त्याला परमेश्वराशी आणखी जवळीक साधण्याचे कारण काय? तारण जर कृपेने मिळते आणि ते विश्वासाने पदरात पडते, तर सान्निध्याची ही तळमळ अनावश्यक नव्हे काय? प्रॉटेस्टंट परंपरेत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सान्निध्याचा आग्रह धरला की कर्मवादाचा आरोप येतो, आणि न धरला तर धर्म हा केवळ मान्यतेचा विषय होऊन बसतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा दाह टिळकांपूर्वीच एका असामान्य व्यक्तीने अनुभवला होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, पण त्या धर्माचे जे जीवन तो ख्रिस्त सापडला नव्हता. ती भेट होण्यास बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. रमाबाईंसारख्या शास्त्रव्युत्पन्न विदुषीने हे लिहावे यास महत्त्व आहे. त्यांना मताची उणीव नव्हती. सिद्धांतांवर पाद्र्यांशी त्या निर्भयपणे वाद घालीत. मत आणि भेट या दोन निराळ्या वस्तू असून पहिलीच्या मागून दुसरी आपोआप येत नाही, हे त्यांच्या साक्षीचे सार आहे, आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पुढच्या साऱ्या सान्निध्यविचाराचे ते प्रास्ताविकही आहे.

टिळकांची वाट वेगळी होती. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हे उद्गार इतक्या वेळा सांगितले गेले आहेत की त्यांतील रूपकाकडे आता कोणी पाहात नाही. पुलावरून माणूस पलीकडे जातो तेव्हा सर्व सामान बरोबर नेत नाही. विठोबा, पंढरी, वारी ही अलीकडेच राहिली. टिळकांनी पलीकडे नेली ती एकच वस्तू : देवाशी बोलण्याची रीत. देवाला ‘तू’ म्हणावे, त्याच्या दारात बसावे, त्याच्यापाशी हट्ट करावा, त्याला आई म्हणावे, ही रीत. मिशनच्या मराठी गीतांत त्यापूर्वी तिची वाण होती. भाषांतरित गीतांतील राजा, मेंढपाळ, दुर्ग ही विशेषणे आदराची होती; घरची नव्हती.

‘गुरुमाउली’ हा शब्द या दृष्टीने पाहावा. मराठी परंपरेत तो जुना आहे. ख्रिस्ताला उद्देशून तो योजला की त्यात दोन नाती एकवटतात. गुरू शिकवितो, शिष्याला कसाला लावतो, आज्ञा करतो. माउली चुकलेल्या लेकराला उचलून घेते. ख्रिस्ती धर्मशास्त्रात नियम आणि कृपा यांचा जो जुना ताण आहे तो टिळक सिद्धांताने सोडवीत नाहीत; एका संबोधनात दोहोंना नांदू देतात. पाश्चात्त्य वाचकाला हा केवळ भावुकपणा वाटण्याचा संभव आहे. पण ज्या भाषेत ज्ञानदेवांनाही माउली म्हणतात, तीत या शब्दाला आज्ञेचा कणखरपणाही आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सर्वच ठिकाणी टिळकांना असे यश आलेले नाही. त्यांच्या एका प्रसिद्ध रचनेत भक्त आणि ख्रिस्त यांच्या नात्याला एकामागून एक उपमा दिल्या आहेत. वाद्य आणि वादक, विचार आणि शब्द, फूल आणि सुगंध, आई आणि मूल, वाटसरू आणि वाटाड्या अशा जोड्यांची ती माला आहे. रचना कानाला गोड आहे, आणि सभेत ती गायिली जाते तेव्हा कोणाचे समाधान होत नसेल असे नाही. पण जोड्या सुट्या करून पाहिल्या तर त्या एका जातीच्या नाहीत. फुलापासून सुगंध निराळा काढता येत नाही; तेथे दोघे नाहीतच, एकाच वस्तूची दोन नावे आहेत. आई आणि मूल मात्र दोघे आहेत, आणि दोघे आहेत म्हणूनच त्यांच्यात प्रेमाला अवकाश आहे. मूल रुसू शकते, पळून जाऊ शकते, परत येऊ शकते. सुगंध फुलावर रुसत नाही. पहिल्या प्रकारच्या उपमा अद्वैताच्या घरातल्या आहेत, दुसऱ्या भक्तीच्या. कवीने त्या एका धाग्यात ओवल्या आणि धाग्याला पीळ पडला.

ही काव्यदोषाची किरकोळ गोष्ट नव्हे. सान्निध्य म्हणजे काय, याचे उत्तर येथे द्विधा झाले आहे. यास योहानाच्या शुभवर्तमानाचा आधार दाखविता येईल, हे खरे. तेथेही द्राक्षवेल आणि फाटे ही अभिन्नतेकडे झुकणारी उपमा आहे, आणि त्याच प्रवचनात ख्रिस्त शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. परंतु तेथे दोहोंना बांधणारी एक आज्ञा आहे, परस्परांवर प्रेम करण्याची. उपमामालेच्या रचनेत अशा आज्ञेला वाव राहात नाही. याउलट तुकोबांना मोक्षसुद्धा नको असतो; देवाशी एकरूप होण्यापेक्षा त्याच्यासमोर उभे राहून त्याचे नाव घेण्यात त्यांना गोडी आहे. टिळक ज्या रचनेत तुकोबांपासून दुरावले असे वाटते, तेथेच ते ख्रिस्ती शिकवणीपासूनही दुरावले आहेत. अनुकृतीचा आरोप करणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

ही शंका पुढे धर्मशास्त्रज्ञांनी उघडपणे मांडली. १९२४ साली एमिल ब्रुनर यांनी गूढवादाविरुद्ध वचनाची बाजू घेऊन मोठा वाद उभा केला. सान्निध्याच्या अनुभवात माणूस अखेर स्वतःलाच न्याहाळीत बसतो, अशा रोखाचे त्यांचे आक्षेप होते. त्याच दशकात तमिळ भाषक ए. जे. अप्पासामी यांनी ख्रिस्ती धर्माचा विचार भक्तिमार्ग म्हणून करताना योहानाच्या आधारे दाखविले की, पित्याशी पुत्राचे ऐक्य हे तत्त्वतः एकच असण्याचे ऐक्य नसून प्रेमाचे आणि इच्छेचे, म्हणजे नैतिक ऐक्य होय. मला अप्पासामींचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. त्याची कसोटी लावली तर टिळकांचे उत्तम अभंग टिकतात आणि वर सांगितलेली उपमामाला डळमळते. ब्रुनर यांचा आक्षेप ज्या युरोपीय चर्चांना उद्देशून होता तेथे तो लागू असेल. अहमदनगरच्या मंडळ्यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. त्याचे कारण सामाजिक आहे.

अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर भागातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. देवाजवळ जाणे याचा त्यांच्या पूर्वजांच्या जीवनातील अर्थ अगदी भौतिक होता : कोठपर्यंत जाता येते? चोखोबांची भक्ती कोणाहून उणी नव्हती; त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारी नामदेव पायरीपाशी आहे. ते मंदिर अस्पृश्यांसाठी उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांच्या वाणीतील आर्तता ही नुसती विरहाची नाही, उंबऱ्याबाहेर उभे असलेल्याची आहे. अशा समाजात ‘देव जवळ आहे’ हे म्हणणे म्हणजे आत्मरंजन नव्हे. मध्ये पुजारी नाही, पायरी नाही, सोवळे नाही, असे ते विधान आहे. ख्रिस्ती माणसाने देवाशी जवळीक का साधावी, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते : ती न साधली तर मधल्या जागेत कोणीतरी दुसरा येऊन उभा राहतो. पूर्वी भट उभा होता. बाप्तिस्म्यानंतर तेथे मिशनरी उभा राहण्याचा धोका होता.

टिळकांनी हा धोका ओळखला होता, याला त्यांच्या चरित्रात पुरावा आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांचे ते एक बंधुमंडळ व्हावे, अशी त्यांची कल्पना होती. पुढे दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. दरबाराला स्थिर रूप आले नाही. संस्था म्हणून तो प्रयत्न फसला, असे म्हणण्यास हरकत नाही. पण अभंगांवरील भाष्य म्हणून त्याचे मोल आहे. ज्याला देव माउलीसारखा जवळचा झाला, त्याला वेतन देणाऱ्या मंडळाची जवळीक गौण वाटू लागली. सान्निध्याने त्यांना जगापासून ओढून नेले नाही. सान्निध्याने त्यांना नोकरीतून सोडविले.

काव्यदृष्ट्या ‘अभंगांजली’ सर्वत्र सारख्या पातळीवर नाही, हे सांगितलेच पाहिजे. टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते, आणि नियतकालिकाची निकड कित्येक अभंगांतून जाणवते. विषय आधी ठरला, छंद मागून आला, असे तेथे वाटते. उपदेश पद्यात बसविला आहे इतकेच. शिवाय तुकोबांची देवाशी जी भांडणे आहेत, जो उद्वेग आहे, त्याला टिळकांत क्वचितच जागा मिळते. त्यांचा देव फार लवकर प्रसन्न होतो. ज्या माणसाने घर, जात, आप्त सर्व गमावले, पत्नीचा कित्येक वर्षांचा वियोग सोसला, त्याच्या कवितेत देवाला जाब विचारणारा स्वर इतका क्षीण असावा, हे विलक्षण आहे.

तो स्वर ऐकावयाचा असेल तर ‘स्मृतिचित्रे’ उघडावी लागतात. लक्ष्मीबाईंनी सान्निध्य हा शब्द वापरून काही प्रतिपादन केलेले नाही. पतीच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली, पुढे त्यांच्याजवळ येऊनही आपले सोवळे जपणारी ही स्त्री एका क्षणी स्वतःशीच विचार करू लागते की, जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर सापडताच ती कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सिद्ध होते. तिचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पण सोवळे सुटले ते त्याआधी. रमाबाईंच्या बाबतीत बाप्तिस्मा आधी आणि भेट नंतर. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत क्रम उलट. आणि दोन्ही ठिकाणी विधी व भेट यांच्यामधले अंतर उघडे राहते. लक्ष्मीबाईंनी ज्या साध्या, मिस्कील गद्यात हे लिहिले त्यात देवाला वेगळे आसन नाही. चूल, पाणी, मुले, पाहुणे यांच्यामध्येच तो वावरतो. ‘अभंगांजली’त जे संबोधन आहे ते ‘स्मृतिचित्रां’त वर्तन झाले आहे. पतीच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले, पण त्यांची खरी ख्रिस्तकथा मला त्या ओवीबद्ध ग्रंथापेक्षा या गद्यातच आढळते.

एक विरोध येथे नोंदवावासा वाटतो. केडगावला मुक्तिसदनात रमाबाईंनी ग्रीक व हिब्रू शिकून बायबलाचे जे भाषांतर केले, आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्णपणे बाहेर आले, त्यात त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. अल्पशिक्षित स्त्रीला देवाचे वचन थेट भिडावे, हा त्यांचा हेतू. टिळकांनी त्याच हेतूने तेच शब्द ओंजळीने उचलले. एकीच्या मते परंपरेचे शब्द हे देव आणि माणूस यांच्यामधला पडदा होते. दुसऱ्याच्या मते ते दार होते. संस्कृतात पारंगत असलेली ब्राह्मण स्त्री ते शब्द टाकते आणि ब्राह्मण कवी ते राखतो, याचा उलगडा केवळ अभिरुचीच्या भेदाने होणार नाही. त्या शब्दांनी कोणाला काय भोगावयास लावले होते, हेही पाहावे लागेल. अकरा-बारा वर्षांच्या विधवांना रोज भेटणाऱ्या रमाबाईंना शास्त्राच्या भाषेत माउली ऐकू येणे कठीण होते.

पुढील अभ्यासकाने टिळकांचे अभंग संग्रहाच्या क्रमाने न वाचता ‘ज्ञानोदया’च्या अंकांतील प्रकाशनक्रमाने वाचावेत. १९१७ पूर्वीचे आणि नंतरचे अभंग असे वेगळे काढून, त्यांत फूल-सुगंधाच्या जातीच्या उपमा किती आणि आई-मुलाच्या जातीच्या किती, हे मोजून पाहावे. साताऱ्याच्या निर्णयापूर्वी ‘तू’ आणि ‘मी’ यांचे दोनपण अधिक स्पष्ट होत गेले होते काय, हे त्यावरून ठरविता येईल.