पोकाहाँटसचे वंशज : आडनावांच्या दोन याद्या

घराण्याचा इतिहास आपण एरवी कौतुकानं वाचतो. त्याची चिकित्सा करायची असते, हे आपल्याला सुचतच नाही. म्हणून आज आपण असंच एक पुस्तक हातात घेऊ : विंडहॅम रॉबर्टसन यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेला, पोकाहाँटस आणि तिच्या वंशजांचा कुलवृत्तांत. लेखक एके काळी व्हर्जिनियाचे प्रभारी गव्हर्नर होते, आणि स्वतः त्याच वंशातले.

आधी मूळ कथा थोडक्यात पाहू. जेम्सटाऊनच्या इंग्रज वसाहतीत तंबाखूची लागवड करणारा जॉन रॉल्फ आणि पोव्हॅटन या मूलनिवासी राजाची मुलगी पोकाहाँटस यांचं एप्रिल १६१४ मध्ये लग्न झालं. ती तेव्हा इंग्रजांच्या कैदेत होती. १६१७ मध्ये ती इंग्लंडमध्ये वारली. मुलगा थॉमस तिथेच वाढला आणि पुढे व्हर्जिनियात परतला. त्याच्या जेन या मुलीनं रॉबर्ट बोलिंगशी लग्न केलं. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन, आणि जॉनला एक मुलगा, पाच मुली. पुढचा सगळा विस्तार यांचाच.

पुस्तकाचं एक श्रेय मोकळेपणानं द्यायला हवं. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी सासरी गेली की तिची शाखा बहुधा थांबते. इथे तसं होत नाही. मुलींच्या शाखाही चालू राहतात, म्हणून तर मुखपृष्ठावर बोलिंग, ब्लँड, केबल, रँडॉल्फ, रॉबर्टसन अशी आडनावांची लांबलचक यादीच छापली आहे.

आता ती यादी नीट बघा. सगळी आडनावं वसाहतवाल्यांची. वंश आईच्या नावानं सांगायचा, पण आईच्या माहेरची माणसं मोजायची नाहीत. वास्तविक खुद्द थॉमसनं १६४१ मध्ये आपल्या मावशीला आणि नात्यातल्या ओपेचँकनोला भेटण्याची परवानगी मागितली होती. म्हणजे मुलाच्या लेखी ते नातं जिवंत होतं. कुलवृत्तांतात मात्र आई ही फक्त सुरुवात उरते.

हा दोष निव्वळ वाङ्मयीन आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. १९२४ मध्ये व्हर्जिनियानं वंशशुद्धीचा कायदा केला. गोऱ्या माणसात दुसऱ्या वंशाच्या रक्ताचा अंशही चालणार नव्हता. पण मग या प्रतिष्ठित घराण्यांचं काय करायचं? म्हणून एक सवलत ठेवली : मूलनिवासी रक्त एक सोळांश किंवा त्याहून कमी असेल, आणि दुसरं कुठलं 'बिगरगोरं' रक्त नसेल, तर माणूस गोराच. एक सोळांश म्हणजे सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांपैकी एक जण. पोकाहाँटस तर तोवर त्याहून कितीतरी पिढ्या मागे गेली होती. घराणी सुखरूप सुटली.

सुटले नाहीत ते तिथलेच मूलनिवासी. जन्ममृत्यू नोंदणी विभागाचे प्रमुख वॉल्टर प्लेकर यांनी अनेकांची नोंद 'इंडियन' ऐवजी 'कलर्ड' अशी करायला लावली. १९४३ मध्ये तर त्यांनी नोंदणी अधिकारी, डॉक्टर, शाळाप्रमुखांना पत्रक पाठवलं. त्यात जिल्हावार संशयित आडनावं होती. पहिल्या यादीत नाव असणं अभिमानाचं, दुसऱ्या यादीत असणं धोक्याचं. आणि दोन्ही याद्या एकाच राज्यातल्या.

त्या खाडाखोडीची किंमत पुढे मोजावी लागली. केंद्र सरकारची मान्यता हवी तर सलग नोंदी दाखवा, असा नियम. नोंदी तर बदललेल्या! पोव्हॅटनच्या राज्यातल्या पामंकी जमातीला मान्यता मिळाली ती २०१५ मध्ये. व्हर्जिनियातल्या आणखी सहा जमातींसाठी २०१८ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

१९२४ च्या कायद्याचा दोष रॉबर्टसन यांच्या माथी मारता येणार नाही. ते १८८८ मध्येच वारले. पण पूर्वजाचा मान घ्यायचा आणि त्याच्या हयात नातलगांना वगळायचं, ही जी सवय पुढे कायद्यात उतरली, ती या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आधीच दिसते. तेव्हा कुठलाही कुलवृत्तांत वाचताना यादीत कोण आहे एवढंच पाहू नका. ती यादी कोणी केली आणि कुठल्या नातलगांपाशी थांबवली, हेही विचारा.