बौद्ध साधनेची परिभाषा आणि मराठीतील परिचित शब्द

बौद्ध साधनमार्गावरील मराठी लेखनाचे परीक्षण बहुधा तत्त्वज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने केले जाते. प्रस्तुत लेखात ते भाषेच्या दृष्टीने करावयाचे आहे. ह्या मार्गातील उपदेश हा मुख्यतः कृतीचा निर्देश असतो. कशाकडे लक्ष द्यावे, कशाची नोंद घ्यावी, कोठे थांबू नये हे तो सांगतो. निर्देशातील शब्दाचा अर्थ चुकला की कृतीही चुकते. म्हणून येथील परिभाषेचा प्रश्न केवळ कोशकाराचा नसून साधकाचाही आहे.

पाली ग्रंथांतील पारिभाषिक शब्द मराठी वाचकाला परके वाटत नाहीत, आणि खरी अडचण येथेच आहे. परका शब्द भेटला म्हणजे वाचक अर्थ विचारतो. ओळखीचा भेटला म्हणजे विचारीत नाही. ‘वेदना’ हा शब्द घ्यावा. मज्झिमनिकायातील दहाव्या, म्हणजे सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी अनुपश्यनेची चार क्षेत्रे सांगितली आहेत. तेथे वेदना सुखद, दुःखद आणि सुखदही नाही व दुःखदही नाही अशी त्रिविध आहे. मराठीत मात्र वेदना म्हणजे दुखणे. ‘वेदनांचे निरीक्षण करावे’ असे वाक्य वाचून मराठी साधक दुखऱ्या गुडघ्याकडे लक्ष देईल, परंतु सुखाकडे देणार नाही. तृष्णा तर सुखद वेदनेलाच अधिक सहजपणे चिकटते. अशा रीतीने एका शब्दाच्या अर्थसंकोचामुळे साधनेचा मोठा भाग वाचकाच्या दृष्टीआड होतो.

‘समाधि’ ह्या शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे. मराठीत समाधी ‘लागते’, समाधी ‘घेतली’ जाते, आणि समाधी ‘बांधली’ही जाते. आळंदीपासून रायगडापर्यंत हा शब्द एखाद्या थोर जीवनाच्या शेवटाशी जोडलेला आहे. योगदर्शनाच्या आठ अंगांतही समाधी हे शेवटचे अंग होय. उलट, बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात शील, समाधि आणि पञ्ञा असा क्रम असून समाधि ही मधली पायरी आहे. स्वतः गौतमाने आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त ह्यांच्याकडून समाधीच्या अत्युच्च अवस्था आत्मसात केल्या आणि त्यांनी निब्बान साधत नाही असे पाहून तो तेथून निघाला, असे अरियपरियेसन सुत्त सांगते. समाधी हेच गंतव्य मानणाऱ्या वाचकाला हे प्रस्थान अनाकलनीय वाटल्यास नवल नाही.

‘निर्वाण’ हा शब्द तर मराठीत मृत्यूच्या फारच जवळ गेला आहे. थोर पुरुषाचे निर्वाण होते. इशारा निर्वाणीचा असतो, म्हणजे शेवटचा असतो. परंतु परंपरेनुसार बुद्धाला पस्तिसाव्या वर्षी बोधि प्राप्त झाली आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षे त्याने उपदेश केला. राग, द्वेष आणि मोह विझणे हा निब्बानाचा मूळ आशय असून तो जिवंतपणीच प्रत्ययास यावयाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ ह्या ग्रंथात निब्बानाचा ह्याच जीवनाशी असलेला संबंध आग्रहाने मांडला आहे. मराठी शब्दाची छाया लक्षात घेता हा आग्रह किती आवश्यक होता हे दिसून येते.

ह्यावर उपाय कोणता? धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) ह्यांनी सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथे जाऊन ही परंपरा मुळातून अभ्यासली आणि ‘समाधिमार्ग’ (१९२५) ह्यासारख्या पुस्तकांतून ती मराठीत आणली. त्या काळी तत्सम शब्दांचा आधार घेणे स्वाभाविक होते; त्यावाचून विषय वाचकापर्यंत पोहोचलाच नसता. १९७६ पासून इगतपुरीच्या केंद्रामुळे ‘विपश्यना’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्या परंपरेच्या हिंदी प्रवचनांत ‘वेदना’ऐवजी ‘संवेदना’ हा शब्द येतो. त्याने दुखण्याची छाया पुष्कळ कमी होते. तथापि शारीरिक जाणिवेकडे झुकणारा हा शब्द मानसिक सुखदुःखाला अपुरा पडतो. मूळ पाली शब्द तसेच ठेवावेत असाही एक पक्ष आहे. परंतु ‘वेदना’ हा शब्द दोन्ही भाषांत एकाच रूपाचा असल्याने तो तसाच ठेवणे म्हणजे त्याला मराठी अर्थाच्या स्वाधीन करणे होय.

माझ्या मते उपाय शब्दाच्या व्युत्पत्तीत नसून मराठीच्या क्रियापदांत आहे. ‘सति’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. हा शब्द ‘स्मृ’ धातूपासून आलेला असला तरी ‘स्मृती’ म्हटल्याने मराठी वाचकाला गतकाळ किंवा धर्मशास्त्राचे ग्रंथ आठवतात. ‘अवधान’ अधिक जवळचा, पण त्यात स्मरणाचा अंश उरत नाही. मराठीत ‘भान’ हा साधा शब्द आहे. भान ठेवणे म्हणजे विसर पडू न देणे आणि समोर जे घडत आहे त्याविषयी जागे असणे. हे दोन्ही अर्थ ‘सति’मध्येही एकत्र नांदतात. शिवाय भान ‘ठेवावे’ लागते, ‘सुटते’ आणि आपण पुन्हा ‘भानावर येतो’. श्वासावर मन ठेवू पाहणाऱ्या साधकाचा अनुभव ह्या तीन क्रियापदांत पुरा येतो. वेदनेसाठीही ‘सुखदुःखादी अनुभव’ असा उलगडा करणे एका जड संज्ञेपेक्षा उपयुक्त ठरेल.

हा आग्रह मूळ परंपरेला सोडून आहे असे नाही. बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची सूचना बुद्धाने नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ ते शिकण्यास अनुमती दिली, अशी कथा चुल्लवग्गात आहे. ‘स्वतःची भाषा’ म्हणजे बुद्धाची मागधी, असा अर्थ बुद्धघोषाने केला. अनेक आधुनिक अभ्यासक तो ज्याची त्याची बोली असा करतात. अरणविभंग सुत्तात तर एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात हे सांगून, आपल्याच नावाला चिकटून बसू नये आणि लोकव्यवहाराला ओलांडूनही जाऊ नये, असा इशारा आहे. मराठी भाषांतरकाराला ही दोन्ही पथ्ये सारखीच पाळावयाची आहेत. पाली संज्ञेच्या प्रतिष्ठेसाठी अर्थ गमावणे हे पहिल्याचे उल्लंघन होय आणि स्वतः नवी संज्ञा घडवून ती रूढ करू पाहणे हे दुसऱ्याचे.