जुन्या बसगाड्यांचा जीर्णोद्धार : एक पाठचिकित्सा

सेवेंतून निघालेल्या बसगाड्या विकत घेऊन त्या जतन करण्याचा छंद इंग्लंडांत गेलीं साठ-सत्तर वर्षें चांगला रुजला आहे. पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांत उद्भवणारा मुख्य प्रश्न त्यांच्या नित्य परिचयाचाच आहे. अनेक हातांनीं दुरुस्त झालेल्या वस्तूचें मूळ रूप कोणतें, आणि तें पुनः उभारण्याचा अधिकार कितपत, हा तो प्रश्न होय.

प्रथम या छंदिष्टांचें ऋण मान्य केलें पाहिजे. १९२९ सालची टी ३१ ही लंडनची एकमजली बस १९५६ सालीं निवृत्त झाली, तेव्हां कांहीं हौशी मंडळींनीं ती विकत घेतली. लंडनची बस खासगी रीतीनें राखली गेल्याचें हें पहिलें उदाहरण समजतात. पुढें फळबागांत कोंबड्यांचीं खुराडीं व अवजारांच्या खोपी होऊन पडलेल्या बॉड्याही अशाच मंडळींनीं उचलून आणल्या. त्यांनीं हें केलें नसतें, तर आज चिकित्सा करावयास कांहींच उरतें ना.

आतां अडचण पाहूं. आर्. टी. जातीच्या ४,८२५ दुमजली गाड्या १९३९ ते १९५४ या काळांत तयार झाल्या. त्यांतील शेवटच्या एप्रिल १९७९ मध्यें रस्त्यावरून निघाल्या. युद्धोत्तर गाड्या अशा मापानें बांधल्या होत्या कीं, एकीची बॉडी दुसरीच्या चॅसीवर, म्हणजे एंजिन व चाकें वाहणाऱ्या खालच्या सांगाड्यावर, सहज बसे. अल्डनहॅमच्या कारखान्यांत (तो १९८६ सालीं बंद झाला) मोठ्या दुरुस्तीच्या वेळीं बॉडी व चॅसी विलग करीत. बॉडीस वेळ अधिक लागे. म्हणून जी बॉडी सिद्ध असेल, ती हातीं आलेल्या चॅसीवर चढवीत. शिवाय परवाना फुकट जाऊं नये यासाठीं, आंत आलेल्या गाडीचा क्रमांक बाहेर पडणाऱ्या तयार गाडीस देत. अर्थात् एकच क्रमांक अनेक देहांतून फिरत राहिला. आज एखादा संग्राहक ‘ही अमुक क्रमांकाची, अमुक सालची गाडी’ असें म्हणतो, तेव्हां त्याच्यापाशीं पुष्पिका एका पोथीची, पानें दुसरीचीं व फळ्या तिसरीच्या, असा प्रकार असूं शकतो. हें लबाडीचें फळ नव्हे. कारखान्याची रीतच ती होती. परंतु तें न सांगणें हा दोष आहे.

दुसरें उदाहरण रूटमास्टरच्या आद्य नमुन्याचें, म्हणजे आर्. एम्. १ चें. १९५४ सालीं ती प्रदर्शनांत मांडली, तेव्हां तिचा रेडिएटर तळाशीं होता. पुढें तो समोर आणल्यानें तिचा तोंडवळाच पालटला. यांतील प्रमाण पाठ कोणता? पुष्कळ संग्राहक ‘जें ज्येष्ठ तें श्रेष्ठ’ या न्यायानें गाडी जन्मदिवशीं होती तशी करावयास जातात. आमच्या मतें हा न्याय येथें लागत नाहीं. बस ही एका कर्त्याची कृति नसून सेवेचें साधन आहे; कारखान्यांतील प्रत्येक फेरफार हा त्या सेवेचा पुरावा आहे. जन्मरूपाच्या हव्यासानें तीस वर्षांचा इतिहास खरवडला जातो.

शिवाय एक भेद फार महत्त्वाचा आहे. ग्रंथाचा संपादक पाठ शुद्ध करतो तो निराळ्या कागदावर. मूळ पोथ्या रुमालांत सुरक्षित राहतात. बसचा जीर्णोद्धारक मात्र आपली एकमेव पोथीच तासतो. त्याची चूक पुढच्या पिढीस तपासतां येत नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, न धावणारी बस म्हणजे प्रेत, आणि कुजलेल्या लांकडी सांगाड्यावर माणसें बसवितां येत नाहींत. तो आम्हांस मान्य आहे. लांकूड बदलावें, परंतु बदलल्याची खूण ठेवावी. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ असते. तिच्यामुळें संपादकाची प्रतिष्ठा कमी न होतां वाढलीच. तशीच रेघ येथें हवी. नव्या भागाच्या आंतल्या बाजूस साल कोरावें, जुन्या रंगाचा एक चौकोन तसाच राखावा, काढलेले तुकडे टाकूं नयेत, आणि चॅसी व बॉडी यांचीं पृथक् कुळें लिहून गाडीसोबत ठेवावीं. तेवढें केल्यास छंदाचें संशोधन होईल.

हा विचार आपल्याकडेही आतांच व्हावा. मुंबईंत दुमजली बस १९३७ सालीं आली. जुन्या डिझेल गाड्यांतील शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजीं निवृत्त झाली. त्यांपैकीं जी गाडी संग्रहार्थ राखावयाची, तिच्यावर नवा रंग चढविण्यापूर्वीं डेपोंतील दुरुस्तीच्या नोंदवह्या हस्तगत कराव्या. रंग केव्हांही देतां येईल. रद्दींत गेलेली वही परत येत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.