बोटभर मूर्ती, दोन हात

डिसेंबर २०२४ मध्ये गेम्स वर्कशॉप ही नॉटिंगहॅमची कंपनी लंडन शेअर बाजाराच्या एफटीएसई १०० निर्देशांकात दाखल झाली. बँका, तेलकंपन्या आणि औषधकंपन्यांच्या पंगतीत बसलेली ही कंपनी विकते काय, तर बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक, राक्षस आणि भुतं. त्यातले बहुतेक न रंगवलेले आणि सुट्या तुकड्यांत. ज्याचे त्याने कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. ‘वॉरहॅमर’ हा टेबलावरचा युद्धखेळ खेळायला या मूर्ती लागतात, पण घेणाऱ्यांतले कितीतरी जण खेळाच्या वाटेला जातच नाहीत. ते रंगवतात आणि कपाटात मांडतात. म्हणजे खेळाइतकाच हा मूर्तिकलेचाही मामला आहे, आणि ताळेबंद बाजूला ठेवून त्याकडे तसं पाहायला हवं.

ही कला दोन हातांची आहे. एक हात घडवणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा. दुकानातून आलेली मूर्ती अर्धीच असते. ती पुरी होते घेणाऱ्याच्या टेबलावर. गेल्या चाळीस वर्षांत कारागिरी कळसाला पोचली, आणि त्याच काळात हे दोन्ही हात मागे सारले गेले, असं माझं मत आहे.

गेम्स वर्कशॉप १९७५ साली लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तिघांनी सुरू केली. मूर्तींचं काम आलं ते ब्रायन अ‍ॅन्सेल यांच्या ‘सिटाडेल मिनिएचर्स’मुळे. १९८३ चा ‘वॉरहॅमर’ हा खेळ मुळात सिटाडेलच्या मूर्ती जास्त खपाव्यात म्हणून रचला गेला. रिक प्रिस्टली यांचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ साली आला. नियमांची पुस्तकं दर काही वर्षांनी बदलतात, जुनी रद्दीत जातात. मूर्ती मात्र लोक जपून ठेवतात.

सुरुवातीच्या मूर्ती धातूच्या होत्या. मूर्तिकार तारेचा सांगाडा करी आणि त्यावर पुट्टी चढवी. या पुट्टीच्या दोन पट्ट्या येतात, एक निळी आणि एक पिवळी. मळल्या की हिरवा गोळा होतो आणि तासा-दोन तासांत कडक व्हायला लागतो. तेवढ्या वेळात डोळा, दाढी, चिलखताची कडी साधायची. तयार मूर्ती रबराच्या चकत्यांत दाबून, तापवून साचा करत. मग तो साचा गरगर फिरवून मधोमध वितळलेला धातू ओतत. फिरण्याच्या जोराने तो कडेच्या पोकळ्यांत शिरे. रबर लवचीक असल्याने थोड्या आडव्यातिडव्या खाचा चालत, पण फार बारीक तपशील टिकत नसे.

या अडचणीतूनच शैली जन्माला आली. सिटाडेलच्या मूर्तींची डोकी मोठी, पंजे फावड्यासारखे आणि तलवारी दारात मावणार नाहीत एवढ्या रुंद. शरीररचनेच्या कसोटीवर हे सगळं चूकच. पण मूर्ती पाहायची असते हातभर अंतरावरून, टेबलावर पन्नास जणांच्या गर्दीत. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आपण पागोट्यावरून आणि ढाल-तलवारीवरून ओळखतो, नाकाडोळ्यांवरून नाही, हेही तसंच. जेस गुडविन यांनी घडवलेले ‘वॉरहॅमर ४०,०००’ मधले एल्डार योद्धे याचा उत्तम नमुना आहेत. उंच शिरस्त्राण, निमुळती कंबर, पुढे झुकलेला पवित्रा. नुसती सावली पाहूनही कोण ते कळतं.

त्याच कंपनीत याच्या नेमकं उलटं कामही झालं. मायकेल आणि अ‍ॅलन पेरी या जुळ्या भावांनी २००१ पासून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांवरच्या खेळासाठी घडवलेल्या मूर्ती सडपातळ, प्रमाणबद्ध, माणसासारख्या माणूस आहेत. त्याआधी १९९६ मध्ये ऐतिहासिक लढाईच्या प्रयोगात तोफेच्या अपघातात मायकेल पेरींचा उजवा हात गेला होता. ते डाव्या हाताने घडवायला शिकले. त्यांची कामं पाहताना सहानुभूतीची सूट द्यावी लागत नाही. गुडविन आणि पेरी यांच्या मूर्ती शेजारी ठेवल्या तर जाणकार क्षणात वेगळ्या काढतो, आणि कलाकाराचा हात म्हणतात तो हाच.

मग प्लॅस्टिक आलं. ते पहिल्यापासून थोडंफार होतंच. ‘वॉरहॅमर ४०,०००’ च्या १९८७ च्या स्पेस मरीन पेटीत तीस सैनिक होते. पण गेल्या वीस वर्षांत धातू जवळजवळ हद्दपार झाला. मधल्या काळात, २०११ मध्ये, ‘फाइनकास्ट’ नावाचं रेझिन आणलं गेलं. बुडबुडे, वाकलेली भाले-तलवारींची टोकं आणि धातूपेक्षा जास्त किंमत यांमुळे ते ग्राहकांच्या मनातून उतरलं. आता राज्य आहे पोलादी साच्यात दाबून ओतलेल्या पॉलिस्टायरीनचं. पोलाद वाकत नाही, त्यामुळे साचा उघडताना अडेल अशी एकही आतली खाच चालत नाही. पूर्वी यावर उपाय म्हणजे मूर्ती सोपी करायची. आता मूर्ती आधी संगणकावर घडते आणि मग ती कुठे कापायची याचा हिशेब होतो. अर्धा झगा आणि डावी मांडी एका तुकड्यात, उरलेला झगा आणि पाठ दुसऱ्यात. तुकडे ज्या चौकटीला चिकटून येतात तिच्यावर पाहिलं तर काय कशाचं आहे ते कळत नाही. जोडलं की सांधा दिसत नाही.

या तंत्राने काय साधतं ते २०१८ साली आलेल्या ‘नाइटहाँट’ या भुतांच्या सैन्यात पाहावं. फाटक्या कफनीतली भुतं हवेत तरंगताना दिसतात. पाय नाहीतच. कफनीची एक चिंधी वळत वळत खाली येते, थडग्याच्या दगडाला टेकते आणि त्या चिंधीवर सगळा भार. धातूत हे वजनानेच मोडलं असतं. कापडाच्या चुण्या वाऱ्याची दिशा दाखवतात, आणि त्याच चुण्यांत पातळ रंग ओघळून आपोआप सावल्या देतो. तंत्र, विषय आणि रंगवणाऱ्याची सोय इतकी एकजीव झालेली मी या क्षेत्रात दुसरीकडे पाहिलेली नाही.

तरी खटकतं ते इथेच. हे भूत एकाच पवित्र्यात जोडता येतं. १९८७ च्या पेटीतला सैनिक ओबडधोबड होता, चोचीसारख्या शिरस्त्राणाचा. पण त्याचे हात, डोकं, धड आणि पाय सुटे होते. मान वळवा, हात उचला, दुसऱ्या पेटीतली तलवार द्या. तीस सैनिक तीस तऱ्हेचे होत. आजच्या कितीतरी पेट्यांत तुकडा क्रमांक बाराला तुकडा क्रमांक तेराच बसतो. दहा जणांचं पथक दुसऱ्यांदा घेतलं की तेच दहा चेहरे पुन्हा, तोच पाय त्याच दगडावर. वर हल्लीचे नियमही पेटीत जेवढी शस्त्रं तेवढ्यांपुरतेच असतात. याला एक कायदेशीर पार्श्वभूमी आहे. या मूर्तींना बसणारे सुटे भाग विकणाऱ्या चॅप्टरहाउस स्टुडिओज या छोट्या अमेरिकन कंपनीवर गेम्स वर्कशॉपने २०१० मध्ये दावा लावला; २०१३ च्या निकालात ज्युरीने काही मुद्दे इकडे, काही तिकडे दिले. त्यानंतर, जी मूर्ती कंपनी विकत नाही तिचे नियम छापणं जवळजवळ थांबलं. पूर्वी नियमांत नाव असे पण मूर्ती नसे, तेव्हा लोक ती स्वतः जुळवून बनवत. ती मोकळी जागा बुजवली गेली.

रंगकामाचंही तेच. १९८७ पासून होणाऱ्या ‘गोल्डन डेमन’ स्पर्धेने एक मोठी परंपरा उभी केली. चित्रकार जॉन ब्लांश यांची गंजकी, धुरकट रंगसंगती तिच्यातलं एक टोक; पेटीवर छापलेली, प्रत्येक कडेवर उजळ रेघ ओढलेली कंपनीच्या घराण्याची शैली दुसरं. फ्रान्समध्ये रॅकहम या कंपनीने साध्या रंगांतून धातूची चकाकी उभी करण्याची रीत लोकप्रिय केली. ती कंपनी २०१० मध्ये बंद पडली, रीत जगभर पसरली. २०१९ मध्ये सिटाडेलने आणलेले ‘कॉन्ट्रास्ट’ रंग एका हातात उजेड आणि सावली दोन्ही देतात. नवख्यांची भीती त्यांनी घालवली, हे मान्यच. पण मूर्तीवरचा तपशील इतका दाट असतो की रंगवणाऱ्याला निर्णय घ्यायला उरतंच काय? पट्टा, त्यावर थैली, थैलीवर कवटी, कवटीवर मेणाचं सील. सपाट, रिकामी जागा ही रंगवणाऱ्याची जागा असते. पडद्यावर मूर्ती हवी तेवढी मोठी करून घडवता येते, म्हणून घडवणाऱ्याचा हात थांबत नाही.

हा दोष एकट्या गेम्स वर्कशॉपचा नाही. घरगुती रेझिन प्रिंटर स्वस्त झाल्यापासून शेकडो मूर्तिकार दरमहा वर्गणी घेऊन संगणकावरच्या फाइली विकतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मूर्तींवर तोच दागिन्यांचा सोस आहे. त्यांची पट्ट्यांनी मढवलेली राक्षसीण पडद्यावर भव्य वाटते. तीन-चार सेंटिमीटरची छापून निघाली की नुसती गिचमिड. मात्र एका बाबतीत ते मोठ्या कंपनीच्या पुढे आहेत: ते आपल्या नावाने विकतात. नव्वदच्या दशकात सिटाडेलच्या जाहिरातींत आणि सूचीपत्रांत मूर्तीखाली मूर्तिकाराचं नाव असे. आज पेटीवर कंपनीचं नाव असतं, खेळाचं असतं, घडवणाऱ्याचं नसतं. टीकाकाराची त्यामुळे पंचाईत होते. नाइटहाँटच्या त्या चिंधीचं श्रेय द्यायचं कोणाला?

माझा निवाडा असा: कारागिरीत आजची सिटाडेल मूर्ती कधी नव्हती एवढी सरस आहे, आणि मोकळेपणात मात्र ती १९८७ च्या त्या चोचवाल्या सैनिकापुढेही उणी पडते. मोकळेपणाची आणि नावाची, या दोन्ही उणिवा भरून काढणं अवघड नाही. प्रत्येक पथकाच्या पेटीत चार डोकी आणि चार हात जास्तीचे, कुठेही बसतील असे द्यावेत. आणि पेटीच्या मागे, बारकोडशेजारी का होईना, मूर्तिकाराचं नाव छापावं. वर्षाला ६० कोटी पौंडांहून अधिक उलाढाल करणाऱ्या कंपनीला एवढी शाई परवडते.